पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र

सर माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायचे. मी तासगावची, म्हणून मी तासगाव. कराडहून येणारा तो कराड, जतचा तो जत. मुलांचे पालक आले की आधी गाव विचारायचे आणि मग बिचाऱ्याचं नाव तासभर कुणी घ्यायचं नाही. "हे बघा पलूस, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण तुमच्या पोराला पटतंय का?" एकदा एकाच वेळी दोन कवठेमहांकाळ आले. सरांनी एकाला थोरले केलं आणि दुसऱ्याला धाकटे. धाकटे वयानं चांगले मोठे होते, पण ते जिना उशिरा चढले होते.

मला सुरुवातीला याचा राग यायचा. रसायनशास्त्र शिकवायची नोकरी सोडून सरांकडं काम शिकायला आलेली मी बाई, चारचौघांत "काय तासगाव, आज उशीर?" म्हटलं की कानशिलं तापायची. एक दिवस म्हटलंच, "सर, मला नाव आहे."

"नाव सगळ्यांनाच असतं," ते म्हणाले. "गाव कळलं की पोर कुठल्या एसटीनं येणार, घरी कोण कोण असणार, कशाला घाबरणार, हे मला कळतं. नावावरून काय कळतं?"

विट्याच्या माणसाला मात्र ते नावानं बोलवत. पूर्ण नाव, पुढं राव, अहोजाहो. मला वाटायचं, विट्याची माणसं सोन्यातली, देशभर त्यांची सोनं गाळायची दुकानं, म्हणून सर जरा दबून असतील. मी चिडवलं सुद्धा, "विट्याचं वजन जास्त दिसतंय, सर." एरवी असल्या बोलण्यावर ते माझ्यावर उलटून पडायचे. त्या दिवशी नुसते खिडकीतून खाली बघत बसले. मी मनात म्हटलं, काहीतरी आहे खरं.

त्यांची खोली मिरजेत, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, एका दुकानाच्या माडीवर होती. जिन्यावर भोपळे वाळत ठेवलेले असायचे, ते पायानं बाजूला न सरकवता वर जायचं म्हणजे कसरतच. खाली कुणीतरी दिवसभर तारा जुळवत बसलेला. सर म्हणायचे, या आवाजात खोटं बोलायला जड जातं. मला तसं कधी वाटलं नाही. माझ्या समोर त्या आवाजात लोक भरपूर खोटं बोललेले आहेत.

त्यांचा पहिला नियम, आईवडील खाली आणि पोर वर. या नियमावरून रोज एक तरी भांडण व्हायचं. वाळव्याकडचा एक ऊसवाला बाप तर जिन्यातच उभा राहिला.

"आवं सर, फी मी भरनार, अन् मीच खाली?"

"भरा की. शिकणार कोण?"

"पोरगंच."

"मग पोरगं वर."

तो गृहस्थ खाली जाऊन दुकानात बसला. तासाभरानं वर आला तेव्हा त्याला मुलाच्या कॉलेजाचं काही विचारायचं नव्हतं. तंबोऱ्याचा भोपळा आपल्या रानात हुईल का, एवढंच विचारायचं होतं. सर त्यावर मनापासून बोलले, कारण ते भूगोलाचे मास्तर. साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात त्यांनी अख्खी उमेद घालवली होती. बायकोच्या मूत्रपिंडाचा आजार बळावला, मिरजेतल्या दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा निवृत्तीआधीच नोकरी सोडून ते इकडं आले. काही वर्षांनी बाई गेल्या. सर परत साताऱ्याला गेले नाहीत.

आमचा धंदा काय, ते सांगायला हवं, कारण माझ्या सासूबाईंना तो शेवटपर्यंत कळला नाही. बारावी झाली की पोरानं कुठं जायचं, कशाला जायचं, अर्जात कुठलं कॉलेज वर लिहायचं आणि कुठलं खाली, हे आम्ही सांगतो. आम्ही कुठल्या कॉलेजचे नोकर नाही. स्वतंत्र शैक्षणिक सल्लागार, असं पाटीवर लिहितो. आता पाटी काय, कुणीही लिहितं. आमच्याच गावात एक जण वर्षभर झेरॉक्स काढतो आणि निकाल लागला की पाटी उलटी करतो, मागच्या बाजूला करिअर गाइडन्स लिहिलेलं आहे. कॉलेजवाले या लोकांना पोरामागं कमिशन देतात. पोर कुठं पाठवायचं हे मग पोराकडं बघून ठरत नाही.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथं. "गाडी चालवायला लायसन लागतं. सुई टोचायला लागतं. पोराच्या आयुष्याला वळण द्यायला काहीच लागत नाही, तासगाव. उद्या माझ्या माडीवर कुणीही येऊन बसेल."

"तुमच्या माडीवर बसायला आधी ते भोपळे ओलांडायला लागतील," मी म्हटलं.

त्यांच्या पिशवीत कायम एक स्टीलची वाटी असायची. ज्या मेसमध्ये मी जेवलो नाही तिथं मी पोर पाठवत नाही, हा दुसरा नियम. न कळवता जायचे, एसटीनंच, आणि सरळ पोरांच्या रांगेत वाटी घेऊन उभे. पांढरे केस, धोपटीसारखी पिशवी, हातात वाटी. पोरांना वाटायचं कुणाचे तरी आजोबा आलेत. आमटी पातळ असली तरी त्यांची तक्रार नसे. वाढणारा पोरांशी कसा बोलतो, ते बघायला ते जात. सीमेपलीकडच्या एका कॉलेजात त्यांना गेटवरच अडवलं. मग त्यांनी गेटवरच्या शिपायाच्या डब्यात वाटा घेतला आणि आतल्या कुठल्या प्राध्यापकानं सांगितली नसती एवढी माहिती घेऊन परत आले. त्या कॉलेजचा माणूस दिवाळीत भिंतीवरचं मोठं घड्याळ घेऊन आला, कॉलेजचं नाव सोनेरी अक्षरात. सरांनी ते खाली तंबोरेवाल्याला दिलं. त्यानं नावावर लाखेचा हात मारला आणि टांगलं. अजून चालू आहे.

तर असा हा माणूस. त्यानं ठरवलं की आपल्या धंद्याला एक पात्रता पाहिजे. सरकार देईल तेव्हा देईल, तोवर आपली आपण. परीक्षा घ्यायची, प्रमाणपत्र द्यायचं, आणि पालकांना सांगायचं की बाबांनो, हे ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडंच जा.

रविवारी आम्ही सल्लागार मंडळी माडीवर जमायचो. मी, कराड, जत आणि साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सर सातारकरीण म्हणायचे आणि त्या त्यावर लाजायच्या. सुरुवातीला आणखीही बरेच जण यायचे. कच्चा मसुदा माझा होता. प्रवेशाचे नियम, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, शैक्षणिक कर्ज, शिष्यवृत्त्या, असा लेखी पेपर. मी रात्री जागून केला होता. सरांनी वाचला आणि चष्मा काढला.

"छान आहे. झेरॉक्सवाला पाठ करून पहिला येईल."

मला असा राग आला म्हणता. पण बरोबर होतं ते. मग लेखीबरोबर तोंडी आली, आणि तोंडी म्हणजे प्रश्नोत्तरं नाहीत. खरं कुटुंब समोर बसवायचं, खरं पोर, आणि परीक्षा देणाऱ्यानं त्यांच्याशी बोलायचं. आम्ही मागं बसून बघायचं, तो बोलतो किती आणि ऐकतो किती. मग आलं कॉलेज स्वतः पाहिल्याचं कलम. त्यावर सातारकरीण म्हणाल्या की गुडघ्यांमुळं त्यांना मेसच्या रांगेत उभं राहता येणार नाही. सर म्हणाले, बसून जेवा, पण जेवा.

कमिशनचं कलम आलं त्या रविवारी जिना वाजत होता. एकेक जण काहीतरी काम निघाल्याचं सांगून उतरून जात होता. खाली भोपळा फुटल्याचा पण आवाज आला. कराड राहिला बसून, मान खाली घालून.

"सर, आमी कमिशन सोडलं तर खायाचं काय?"

"पालकांकडून घ्या, कराड. उघड घ्या, पावती द्या. दोन्हीकडनं घेऊ नका, एवढंच म्हणतोय."

"पालक देत न्हाईत वो. सल्ल्याला पैसं कशाला म्हनत्यात."

"मग आपला सल्ला तेवढ्या किमतीचा नाही अजून. तो करू."

कराड पण उठून गेला. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी आम्ही तिघंच बसलो होतो, तर हा भोपळे ओलांडत वर आला आणि नेहमीच्या जागी बसला. "बायकू म्हनली, जावा," एवढंच बोलला. सरांनी त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला आणि मसुद्याचं पान उलटलं.

असं करत करत काही वर्षं गेली. मसुदा इतक्या वेळा बदलला की जतच्या घरच्या पोरांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर गणितं सोडवून दहावी पार केली. शेवटी सगळं जुळलं. मग सरांनी आणखी एक कलम वाचून दाखवलं. आवाज नेहमीचा नव्हता.

आपल्या चुकीमुळं एखाद्या मुलाचं नुकसान झालं असेल, तर सल्लागारानं त्या घरी जाऊन, ज्यांना ते कळायला पाहिजे त्यांच्यासमोर, ती चूक माझी होती असं सांगितलेलं असलं पाहिजे. तोवर त्याला प्रमाणपत्र नाही.

जत म्हणाला, "सर, आसं कोन करील? डॉक्टर करत्यात का? वकील करत्यात का?"

"करत नाहीत. म्हणून आपण करायचं."

कलम राहिलं. मग आम्ही विषय काढला की पहिल्या परीक्षेला सरांनी बसायचं. लेखी-तोंडी हे नुसतं नावाला, पण पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र त्यांचं, यात कुणाचं दुमत नव्हतं. सातारकरणींनी तर त्यासाठी चांगला जाड कागद आणला होता. सर त्या कागदावरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "मला नाही बसता येणार. माझं शेवटचं कलम राहिलंय."

आणि त्यांनी सांगितलं.

ही गोष्ट जुनी, ते मिरजेला नवे होते तेव्हाची. विट्याची एक मुलगी त्यांच्याकडं आली होती. वडिलांचं सेलमला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळायचं. मुलगी दहावीपर्यंत तिकडंच वाढली, अकरावी-बारावीला सांगलीत चुलत्याकडं राहिली. बोलायला अस्सल विटा, आमी, तुमी, न्हाई, व्हय. हुशार म्हणजे विलक्षण. डॉक्टर व्हायचं होतं आणि मार्क तेवढे पडलेले होते. सरांनी तिचे कागद बघितले. दहावीची गुणपत्रिका तमिळनाडूची होती, ती त्यांनी हातात घेऊन बघितली.

"आणि मी म्हणालो, दहावी बाहेरची आहे होय, चालतंय की."

चालत नव्हतं. राज्याच्या कोट्यातून डॉक्टरकीला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. पण सरांनी साताऱ्यात जन्मभर पाहिली ती फौजींची पोरं. कुणाची दहावी जम्मूला, कुणाची झाशीला, कुणाची सिकंदराबादला. सैन्यातल्या माणसाच्या पोराला या नियमातून सूट आहे. वर्षानुवर्षं अशी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि बाहेरच्या दहावीनं कुणाचंच अडलं नव्हतं. ती सूट आहे आणि ती सैन्याचीच आहे, हे ते त्या दिवशी विसरले. सोनं गाळणाऱ्याला कुठली सूट? साताऱ्याची सवय त्यांनी सांगलीच्या पोरीला लावली. सरांच्या जागी सांगलीचाच कुणी असता तर ही चूक त्याच्याकडून झालीच नसती, कारण त्यानं फौजीची पोरंच एवढी पाहिली नसती.

अर्ज तिनं सरांसमोर, सर सांगतील तसा, स्वतःच्या अक्षरात भरला. कागद तपासणीला वडील तिला घेऊन गेले. सर गेले नाहीत, बाईंना त्या आठवड्यात दवाखान्यात ठेवलेलं होतं. टेबलावरच्या माणसानं तिचा अर्ज बाजूला काढला. वडिलांनी बाहेरून सरांना दवाखान्यात फोन लावला.

"ते म्हणाले, सर, पोरीनं फारम चुकीचा भरला म्हनत्यात, आसं हुईल का?" सर सांगत होते. "मी बायकोच्या खाटेपाशी उभा होतो. मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. आणि मी म्हणालो, झालं असेल तसं."

माडीवर फक्त खालच्या तारांचा आवाज येत होता.

"तेवढंच बोललो, तासगाव. झालं असेल तसं. नाही, चूक माझी आहे, हे म्हणायला काही जास्त श्वास लागला नसता."

तमिळनाडूत तिची बारावी नव्हती, त्यामुळं तिकडंही जागा नाही. खासगी कॉलेजात पैसे भरून घेता आली असती. वडील म्हणाले, जी पोर साधा फारम नीट भरीना तिच्यावर मी कुठं पैका लावू. पुढच्या वर्षी लग्न करून दिलं, कोइमतूरला, दुसऱ्या गलाईवाल्यांच्या घरात. तेव्हापासून सरांच्या तोंडून विटा हा शब्द हाकेला निघाला नाही.

मला त्यांचा राग आला. हे मी लपवणार नाही. माझ्या समोर वाटी घेऊन मेसमध्ये उभा राहणारा हा माणूस आणि इतकी वर्षं ती पोर बापाचे शब्द ऐकत बसलेली. "आणि तुम्ही गेला नाहीत एवढ्या वर्षांत?" मी म्हटलं, जरा जोरातच.

"दरवर्षी जायचं ठरवलं," ते म्हणाले. "दरवर्षी पोरं आली, अर्ज आले, मग बायको गेली. कारण मिळत गेलं. म्हणून तर कलम केलं. आता मला कारण नाही."

गलाईवाले सगळे जत्रेला गावी येतात. वर्षभर कुलपं घातलेले बंगले तेवढे दिवस उघडतात. त्या जत्रेत आम्ही दोघं विट्याला गेलो. सरांनी मला का नेलं हे मी विचारलं नाही. एसटीत पिशवीतल्या वाटीचा आवाज तेवढा येत होता.

दार तिनंच उघडलं. आता चांगली पोक्त बाई. सरांना बघून तिनं आधी पदर सावरला आणि मग वाकून नमस्कार केला. ते मागं सरकले, पण तिनं केलाच.

"या सर. लय दिसांनी."

सर उभ्यानंच बोलायला लागले. ओसरीच्या पायरीवर, पायांत चपला तशाच. "बाळ, तुझा अर्ज चुकला तो माझ्यामुळं. तू नाही चुकलीस. दहावीचा नियम मी विसरलो होतो."

ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"ठावं हाय मला, सर."

"ठाऊक आहे?"

"बाबा भायेर फोनला गेलं तवा तितल्या टेबलावरच्या मानसानंच सांगितलं की मला. दहावी भायेरची हाय, फौजी हाईत का वडील, म्हनला. मी न्हाई म्हनलं. तवाच कळलं."

"मग तू वडिलांना का नाही..."

"बाईसाहेब दवाखान्यात हुत्या न्हवं. बाबा तापट लय. तितं येऊन तमाशा केला आसता त्यांनी." तिनं पदर पुन्हा सावरला. "अन् मला वाटलं, तुमी सांगशीला. आज न्हाई उद्या सांगशीला."

सरांनी खाली बघत चपला काढल्या. मी त्यांच्या जवळ सरकले. ती बाई मात्र सरळ उभी होती आणि तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"मला काय सांगताय सर आता. बाबास्नी सांगा. आत हाईत."

वडील आत आरामखुर्चीत बसले होते, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. काही वर्षांपासून विसरायला लागले होते, तेव्हापासून बारमाही गावीच असायचे, असं तिनं चालता चालता सांगितलं. दुकान विसरले, सेलम विसरले, बायको गेलेली विसरले. तिला कधी बहीण म्हणायचे, कधी सून. सर त्यांच्या समोर खाली फरशीवरच बसले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"ओळखलंत का?"

म्हातारा हसला. "या, या. च्या ठेव गं पाव्हन्यास्नी."

सरांनी सांगितलं. मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द. तुमच्या मुलीची चूक नव्हती. मी चुकलो. मी तिचा सल्लागार होतो आणि मला नियम आठवला नाही. फोनवर मी तुमच्याशी खोटं बोललो. त्यांनी ते दोनदा सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकल्यासारखं केलं. मान हलवली. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेनं, समजूत घातल्यासारखं म्हणाला,

"पोरगी हुशार हुती वो आमची. फारम भराय चुकली."

सगळं पुसलं गेलं होतं आणि तेवढं राहिलं होतं. दारात ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला, वडिलांच्या तोंडावर आलेली लाळ टॉवेलनं पुसली आणि म्हणाली, "चहा घ्या सर, गार हुईल."

परत येताना सर खिडकीपाशी बसले. तासगाव स्टँड यायच्या आधी, मी उतरायला उठले तेव्हा त्यांनी माझ्या हाताला धरलं. "कलमात एक शब्द घाला. वेळेत. वेळेत सांगितलेलं असलं पाहिजे."

"सर, मग तुमचं..."

"घाला, तासगाव."

आम्ही घातला. नंतर सगळ्यांनी त्यांना समजावलं. कराड तर भांडला, "तुमी गेला, सांगितलं, फरशीवर बसून सांगितलं, अजून काय करायचं मानसानं?" सर म्हणाले, कलम वाचा. पहिल्या परीक्षेला आम्ही चौघं बसलो, आमच्या कागदावर क्रमांक दोनपासून सुरू झाला. माझा दुसरा, कराडचा तिसरा. पहिल्या क्रमांकाचा जाड कागद सातारकरणींनी सरांच्या कपाटात ठेवला. सरांनी तो कधी काढला नाही, फेकलाही नाही.

त्यानंतरही ते सल्ला देत राहिले. पण जी पोरं यायची त्यांना आधी हे सांगायचे की माझ्याकडं पात्रता नाही, तासगावकडं आहे, कराडकडं आहे, तिकडं जायचं तर जा. बहुतेक पोरं राहायची. एखादा बाप पोराला उठवून घेऊन जायचा, तेव्हा सर त्याला जिन्यापर्यंत सोडायला जायचे. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायचे, कशाला सांगता हो स्वतःहून. ते म्हणायचे, मग पात्रता कशाला केली आपण?

गेल्या थंडीत सर गेले. साताऱ्याहून भाचा आला, त्यानं सामान नेलं. खोली मी घेतली. वाटी मागून घेतली, ती माझ्या पिशवीत असते. आता दर वर्षी परीक्षा होते, पंधरावीस जण बसतात, निम्मे तोंडीत गळतात. भिंतीवर आमच्या चौघांचे कागद आहेत आणि त्यांच्या आधी एक रिकामी चौकट. ती कराडनं आणून लावली. पालक विचारतात, ही रिकामी का? मी सांगते की पहिला क्रमांक अजून कुणाला दिलेला नाही.

या वर्षी निकाल लागल्यावर एक दिवस जिन्यावर पावलं वाजली. भोपळे न हलवता कुणीतरी वर येत होतं. बघते तर विट्याची ती बाई आणि तिच्यामागं एक मुलगी, आईसारख्याच डोळ्यांची. आईनं आधी भिंत बघितली. एकेक कागद वाचत ती रिकाम्या चौकटीपाशी आली.

"सरांचं कंचं?"

"सरांनी घेतलं नाही," मी म्हटलं. "सांगायला उशीर झाला, म्हणाले."

तिनं बोटाच्या टोकानं चौकटीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "बाबा आज निघताना हिला बी म्हनले. फारम नीट भर गं, तुज्या आईवानी करू नगंस." आणि हसली. मला हसू आलं नाही.

मी मुलीला समोर बसवलं. सवयीनं पहिला प्रश्न तोच विचारला, सगळ्यांना विचारते तोच. दहावी कुठं झाली?

"विट्यात," आईनंच उत्तर दिलं. "दहावीच्या आदीच आनून ठिवली आजोबापाशी. कोइमतूरला न्हाई ठिवली."

मी मान हलवली. मग आईला म्हटलं, आईवडील खाली बसतात आमच्याकडं, पोर वर. तिला तो नियम माहीत होता. ती जिना उतरून गेली, आणि मी खालच्या तारांचा आवाज जरा थांबायची वाट बघितली.

"हं, विटा," मी मुलीला म्हटलं. "सांग आता. तुला काय व्हायचंय?"